स्तनाच्या कर्करोगाचे उपचार आणि घरच्यांचा आधार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रिया आणि त्यांच्या घरची माणसे यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मी स्वतः या उपचारांतून गेले आहे आणि त्यानंतर अनेक रुग्णांच्या कुटुंबीयांशी बोलत आले आहे, त्यामुळे उत्तरांमध्ये वैद्यकीय माहितीबरोबर माझी काही ठाम मतेही आढळतील. औषधे आणि तपासण्या यांबाबतचा निर्णय मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

निदान नुकतेच झाले आहे. घरच्यांनी सर्वांत आधी काय करावे?

डॉक्टरांच्या भेटीला तिला एकटीला पाठवू नये. 'कर्करोग' हा शब्द कानावर पडल्यानंतर पुढचे बोलणे बहुतेकांच्या डोक्यात शिरतच नाही, म्हणून सोबत गेलेल्या माणसाने वही काढून लिहून घ्यावे आणि निघण्यापूर्वी लिहिलेले डॉक्टरांना वाचून दाखवावे. याच वहीत पुढे औषधांची नावे, केमोच्या (केमोथेरपीच्या, म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या औषधांच्या) तारखा, ताप, उलट्या, झोप आणि पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न लिहीत जावे. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फाईलमध्ये लावावेत. बायोप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या गाठीच्या तुकड्याचे, ब्लॉक आणि स्लाईड कोठे ठेवल्या आहेत, याचीही नोंद करावी, कारण दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे झाल्यास त्यांची हमखास गरज पडते.

घाईबद्दलही सांगायला हवे. आजच्या आज शस्त्रक्रिया केली नाही तर सर्व संपेल, अशी भीती घरात पसरलेली असते. प्रत्यक्षात बहुतेक प्रकारांत सर्व तपासण्या पूर्ण करण्यासाठी आणि दुसरे मत घेण्यासाठी थोडे दिवस हाताशी असतात. काही आठवड्यांतच स्तन लाल, गरम आणि सुजलेला दिसू लागतो, असा एक दाहक प्रकार आहे. त्यात मात्र वेळ घालवून चालत नाही. आपल्याकडे किती वेळ आहे, हे डॉक्टरांना सरळ विचारावे.

घरच्यांच्या आधाराने खरोखर आयुष्य वाढते का, की हे केवळ मनाच्या समाधानासाठी म्हटले जाते?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

अमेरिकेतील परिचारिकांच्या एका दीर्घकालीन अभ्यासात स्तनाचा कर्करोग झालेल्या सुमारे २,८०० स्त्रियांची माहिती तपासली गेली. जवळची नाती आणि मैत्री नसलेल्या, एकाकी पडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याचे त्यातून २००६ मध्ये समोर आले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अमेरिकन अभ्यासात वेगवेगळ्या कर्करोगांच्या सात लाखांहून अधिक रुग्णांची माहिती होती. विवाहित रुग्णांमध्ये आजार पसरण्यापूर्वीच निदान होण्याचे, योग्य उपचार मिळण्याचे आणि जगण्याचे प्रमाण अधिक दिसले.

दुसरा भाग मानसिक आधारापुरता आहे. पसरलेला कर्करोग असलेल्या स्त्रियांनी आधारगटात मन मोकळे केल्याने त्या जास्त काळ जगल्या, असे अमेरिकेतील डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ मधील अभ्यासात आढळले होते आणि त्याने मोठी आशा निर्माण केली. पुढे कॅनडातील पामेला गुडविन यांनी जास्त रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, २००१ मध्ये, आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली.

या सगळ्यावरून माझे मत असे बनले आहे की, घरच्यांचा आधार प्रामुख्याने कामांतून उपयोगी पडतो. गाठ लागल्यावर 'आजच दाखवून येऊ' म्हणणारे कोणी असणे, केमोची तारीख न चुकणे, रात्री आलेला ताप वेळेवर लक्षात येणे, आजार परतू नये म्हणून पाच वर्षे घ्यायची संप्रेरकांवरील गोळी तिसऱ्या वर्षी बंद न पडणे, या गोष्टींमुळे उपचार पूर्ण होतात, आणि पूर्ण झालेले उपचारच जीव वाचवतात. प्रेम तर हवेच, पण ते अशा कामांतून तिच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

'सकारात्मक राहा' असे सांगणे योग्य आहे का?

सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, परंतु ऐकणारीवर त्याचे ओझे होते. आपण रडलो, घाबरलो किंवा चिडलो तर आजार बळावेल, अशी समजूत तिच्या मनात घर करते आणि ती घरच्यांसमोर हसतमुख राहण्याची धडपड करू लागते. रडल्याने कर्करोग वाढत नाही. तसेच पूर्वीच्या ताणामुळे, रागामुळे किंवा दुःखामुळे 'तिने तो ओढवून घेतला', असेही म्हणता येत नाही. तिला भीती वाटते म्हणाली, तर समजूत घालण्यापूर्वी 'कशाची जास्त भीती वाटते?' एवढेच विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ ती सतत उदास असेल, झोप आणि भूक उडाली असेल किंवा जगण्याची इच्छाच नाही असे बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्यावी. टॅमॉक्सिफेन (संप्रेरकांवर वाढणाऱ्या आजारात दीर्घकाळ दिली जाणारी गोळी) चालू असेल तर हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन यांसारखी नैराश्यावरील काही औषधे शरीरात टॅमॉक्सिफेनचे परिणामकारक रूप तयार होण्यात अडथळा आणतात.

रिपोर्टमधील ईआर, पीआर आणि हर-टू म्हणजे काय? शेजारच्या बाईंचे उपचार वेगळे का होते?

ईआर आणि पीआर यांवरून कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर वाढतात का, हे कळते. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन असून, ते जास्त असल्यास आजार वेगाने वाढतो. मात्र त्याच प्रथिनाला लक्ष्य करणारी औषधेही उपलब्ध आहेत. त्यांपैकी ट्रास्टुझुमॅबला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ते चालू असताना हृदयाची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. ईआर, पीआर आणि हर-टू ही तिन्ही नसतील तर त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात आणि त्यात केमोवर अधिक भर असतो.

आजाराचा प्रकार, टप्पा आणि रुग्णाचे वय यांनुसार उपचार बदलतात. संप्रेरकांवर वाढणाऱ्या, लवकर सापडलेल्या आजारात अनेकींना केमो लागतही नाही. म्हणून तुलना करून 'तिला दिले ते हिला का दिले नाही' अशी शंका रुग्णासमोर काढू नये. ती वहीत लिहून डॉक्टरांनाच विचारावी.

स्तन पूर्ण काढावा की वाचवावा? घरातील सगळे म्हणतात, 'काढूनच टाका.'

पूर्ण स्तन काढला म्हणजे धोका मुळापासून गेला, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उंबेर्तो वेरोनेसी यांनी हाच प्रश्न स्वतंत्रपणे तपासला आणि २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. लवकरच्या टप्प्यात केवळ गाठ व तिच्याभोवतीचा भाग काढून नंतर रेडिएशन दिले, तरी जगण्याचे प्रमाण पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतकेच राहते, असे दोन्ही अभ्यासांत दिसले. त्याच स्तनात आजार पुन्हा उद्भवण्याची थोडी शक्यता राहते, म्हणून दरवर्षीची तपासणी आवश्यक ठरते. गाठ मोठी असेल, एकाहून अधिक ठिकाणी आजार असेल किंवा रेडिएशन देता येणार नसेल, तर स्तन काढणेच योग्य असू शकते.

दोन्ही मार्ग वैद्यकीयदृष्ट्या शक्य असतील तेव्हा निर्णय तिचा आहे. पती, सासू, आई, मुलगे यांनी माहिती मिळवण्यात मदत करावी आणि आपले मत एकदा सांगून थांबावे. ज्या शरीरावर टाके पडणार आहेत ते तिचे आहे.

शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर नेमके काय सांभाळायचे?

बहुतेक वेळा रुग्ण ड्रेनसह घरी येते. जखमेच्या बाजूने निघालेली बारीक नळी आणि तिच्या टोकाला दाबून चपटा केलेला एक मऊ डबा, असे त्याचे स्वरूप असते. पहिल्या दिवशी त्यात लालसर पाणी साचलेले पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. हळूहळू त्याचा रंग गुलाबी आणि मग पिवळसर होत जातो व प्रमाणही घटते. हात धुऊन, रुग्णालयात दाखवले त्याप्रमाणे डबा रिकामा करावा, पाणी मोजून वेळेसह लिहावे आणि डबा पुन्हा दाबून बंद करावा. २४ तासांतील पाणी साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आले की ड्रेन काढण्याचा विचार होतो. नळी ओढली जाऊ नये म्हणून ती कपड्याच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनने अडकवून ठेवली की झोपताना फार सोपे जाते. पाणी एकदम वाढले, पुन्हा लालभडक झाले, त्याला वास येऊ लागला किंवा जखमेभोवती लाली पसरली, तर लगेच कळवावे.

काखेतील गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या असतील तर दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो. तो अनेक महिने राहू शकतो. काहींच्या बाबतीत कायमचा राहतो. खांदा आखडू नये म्हणून फिजिओथेरपिस्टने सांगितलेले हाताचे व्यायाम सांगितलेल्या दिवसापासून करावेत. येथे घरच्या माणसाने रोज सोबत उभे राहून व्यायाम केला, तर सातत्य टिकते.

पहिल्यांदा पट्टी निघते तेव्हा तिला आरशात पाहायचे आहे की नाही आणि त्या वेळी सोबत कोणी हवे की एकटीने पाहायचे आहे, हे तिलाच विचारावे.

केमो चालू असताना सर्वांत मोठी काळजी कशाची घ्यावी?

तापाची. बाकी सर्व त्रासांना थोडी सवड असते, तापाला नाही. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात आणि बहुधा डोसनंतरच्या ७ ते १४ दिवसांत त्या सर्वांत खाली असतात. या काळात शरीराचे तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाले, तर ती तातडीची बाब समजावी, मग रात्रीचे तीन वाजलेले का असेनात. 'सकाळी पाहू' असे म्हणून किंवा घरीच पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये, कारण गोळीने ताप उतरतो पण आतला जंतुसंसर्ग वाढतच राहतो. थंडी वाजून कापरे भरले, तर तापमान कमी दिसत असले तरी फोन करावा. म्हणून पहिल्या डोसच्या आधीच घरात चालू स्थितीतील थर्मामीटर असावा, रुग्णालयाचा रात्री लागणारा क्रमांक भिंतीवर चिकटवलेला असावा आणि रात्री गाडी कोण काढणार, हे ठरलेले असावे.

घरातल्यांनी हात वारंवार धुवावेत आणि सर्दी-खोकला झालेल्या माणसाने तिच्या खोलीपासून लांब राहावे. डोसनंतर साधारण ४८ तास औषधाचे अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतात, त्यामुळे त्यांची स्वच्छता करताना हातमोजे घालावेत. तिच्या शेजारी बसण्यात, तिला कुशीत घेण्यात किंवा एका ताटात जेवण्यात घरच्यांना कर्करोग होण्याचा कोणताही धोका नाही.

उलट्यांवर आता चांगली औषधे आहेत. ती उलटी सुरू होण्यापूर्वी, सांगितलेल्या वेळीच द्यावी लागतात. हातापायांना मुंग्या येणे, बटणे लावताना बोटे नीट न चालणे, तोंड येणे, जुलाब होणे हे सर्व पुढच्या डोसपूर्वी डॉक्टरांना सांगावे. पुष्कळ स्त्रिया डोस पुढे ढकलला जाईल या भीतीने त्रास लपवतात. घरच्यांनी हे ओळखून तिच्याशी बोलावे.

केस गळतील का?

स्तनाच्या कर्करोगासाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच केमो औषधांनी केस गळतात आणि ते साधारण पहिल्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यांत सुरू होते. उशीवर, स्नानगृहात, कंगव्यात केस पुंजक्याने येऊ लागतात आणि अनेकींना स्तन गमावण्याइतकेच हे दुःख मोठे वाटते. त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. आधीच केस बारीक करून घेतले तर गळणे थोडे सुसह्य होते. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस परत येतात, कधी सुरुवातीला कुरळे किंवा वेगळ्या रंगाचे. 'केसच आहेत, परत येतील' हे वाक्य खरे असले तरी ते तिने म्हणावे, आपण नव्हे.

रेडिएशन घेतल्यावर लहान मुलांपासून दूर राहावे लागते का?

नाही. यंत्रातून बाहेरून दिले जाणारे किरण शरीरात साठून राहत नाहीत, त्यामुळे ती त्याच दिवशी बाळाला मांडीवर घेऊ शकते. हे उपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे चालतात. घरच्यांसाठी खरे काम असते ते रोजच्या जाण्या-येण्याचे, आणि ते दोघा-तिघांत वाटून घेतले तर कोणा एकावर भार पडत नाही. त्वचा काळवंडते, हुळहुळते. तिला दिलेल्या मलमाशिवाय दुसरे काही लावू नये.

मुलांना सांगावे का, आणि कसे?

सांगावे. घरात काहीतरी बिनसले आहे, हे अगदी चार वर्षांच्या मुलालाही कळते आणि कोणी काही सांगितले नाही तर ते स्वतःच्या मनाने कारण शोधते. आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली, असे मुलांना खरोखर वाटते. म्हणून आजाराचे खरे नाव घेऊन सांगावे की हे तुझ्यामुळे झालेले नाही, हे जवळ आल्याने कोणाला लागत नाही आणि आई रुग्णालयात असेल तेव्हा तुझे डबा, शाळा, झोप हे सगळे अमुक माणूस पाहील. त्या माणसाचे नाव सांगणे सर्वांत महत्त्वाचे. 'आई मरणार का?' असे मुलाने विचारले तर खोटे वचन देऊ नये. 'डॉक्टर चांगली औषधे देत आहेत, ती बरी व्हावी म्हणून आम्ही सगळे प्रयत्न करत आहोत आणि काही बदलले तर तुला नक्की सांगू,' हे उत्तर पुरेसे आणि प्रामाणिक आहे.

किशोरवयीन मुलींची गोष्ट थोडी निराळी असते. त्यांच्यावर घरकाम नकळत येऊन पडते आणि 'मलाही हे होईल का' हा प्रश्न त्या विचारत नाहीत. तो आपणच काढावा.

बातमी किती लोकांना सांगावी?

हे सर्वस्वी तिने ठरवावे. १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपल्या स्तनाच्या शस्त्रक्रियेबद्दल उघडपणे सांगितले, तेव्हा हा विषय चारचौघांत काढला जात नसे. त्यानंतर असंख्य स्त्रिया तपासणीसाठी पुढे आल्या. मोकळेपणाचा असा लाभ होतो, तरीही प्रत्येक स्त्रीने तो करावा अशी सक्ती नाही. भेटायला येणाऱ्यांचे फोन आणि वेळा सांभाळण्याचे काम घरातील एका माणसाने अंगावर घ्यावे. दगावलेल्या नातेवाइकांच्या कहाण्या सांगणाऱ्यांना दारातच नम्रपणे थांबवण्याचा अधिकारही त्यालाच द्यावा.

पती-पत्नीच्या नात्यावर काय परिणाम होतो?

व्रण, बदललेले शरीर, थकवा आणि औषधांमुळे येणारा योनीचा कोरडेपणा यांमुळे शारीरिक जवळीक कमी होते. पती तिला दुखेल या काळजीने लांब राहतो. तिला मात्र आपण नकोशा झालो आहोत असे वाटते. दोघेही गप्प राहिल्याने हा दुरावा वाढतो, एवढे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे. स्पर्श, शेजारी झोपणे, हात हातात घेणे हे थांबवू नये आणि बाकीच्या गोष्टींना तिची तयारी होईपर्यंत वेळ द्यावा. कोरडेपणासाठी संप्रेरकविरहित जेल मिळतात. उपचारांच्या काळात गर्भधारणा टाळणे गरजेचे असते, परंतु संप्रेरकयुक्त गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. तांबी किंवा कंडोम हे पर्याय डॉक्टरांशी बोलून निवडावेत.

पुढे मूल होऊ शकेल का?

अनेकींना होते, पण हा विषय केमो सुरू होण्यापूर्वीच काढावा लागतो, कारण स्त्रीबीजे किंवा भ्रूण गोठवून ठेवणे तेव्हाच शक्य असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॉझिटिव्ह' या अभ्यासात, संप्रेरकांची गोळी दीड ते अडीच वर्षे घेतल्यानंतर गर्भधारणेसाठी ती दोन वर्षांपर्यंत थांबवलेल्या तरुण स्त्रियांमध्ये, सुरुवातीच्या काही वर्षांत आजार परतण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. गोळी चालू असताना मात्र गर्भधारणा होऊ देऊ नये.

आहाराने किंवा पर्यायी औषधांनी आजार बरा होतो का?

कोणत्याही एका पदार्थाने स्तनाचा कर्करोग बरा होत नाही आणि साखर पूर्ण बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही. केमोच्या काळात पुरेसे उष्मांक आणि प्रथिने पोटात जाणे, वजन न घटणे आणि पाणी भरपूर पिणे यांकडे लक्ष द्यावे. काही वनौषधी यकृतावर ताण आणतात किंवा केमोच्या औषधांत ढवळाढवळ करतात, म्हणून जे काही द्यायचे मनात असेल ते आधी डॉक्टरांना दाखवावे. मूळ उपचार सोडून दुसरीकडे जाण्याचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकाला ठामपणे नकार देणे हेही घरच्यांचेच काम आहे. त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

उपचार संपून महिने झाले, तरी ती थकलेली आणि विसराळू का आहे?

कर्करोगाचा थकवा झोपेने भरून निघत नाही आणि तो अनेक महिने रेंगाळतो. शब्द न आठवणे, एका वेळी दोन कामे न जमणे हेही खरे असते. ती बहाणे करत नसते. रक्तक्षय, थायरॉईड आणि नैराश्य ही कारणे तपासून घ्यावीत. त्यापलीकडे, नियमित चालणे आणि हळूहळू वाढवलेला व्यायाम यांचा थकव्यावर चांगला उपयोग होतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. ती चालायला निघेल तेव्हा सोबत जावे.

पाच किंवा दहा वर्षांची गोळी इतकी महत्त्वाची आहे का? तिला त्याचा त्रास होतो.

संप्रेरकांवर वाढणाऱ्या आजारात ही गोळी परतीचा धोका लक्षणीय घटवते, आणि अशा आजारात धोका पाच वर्षांनंतरही पूर्ण संपत नाही, म्हणून तिचा काळ इतका मोठा असतो. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघाल्यासारखे होते. पाळी गेल्यानंतर दिल्या जाणाऱ्या ॲरोमाटेज रोधक गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडे ठिसूळ होतात. पुष्कळ स्त्रिया या त्रासाला कंटाळून कोणाला न सांगता गोळी सोडून देतात. रागावून उपयोग नाही. गोळी बदलता येते, त्रासावर उपाय असतात, त्यासाठी तिच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. टॅमॉक्सिफेन घेत असताना पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, किंवा एका पायाला सूज येऊन तो दुखू लागला, तर त्वरित दाखवावे.

आजार परत येण्याची भीती कशी हाताळावी?

ही भीती जवळजवळ प्रत्येकीला असते आणि तपासणीची तारीख जवळ आली की ती वाढते. पहिल्या तीन वर्षांत दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची तपासणी, नंतर हळूहळू कमी वेळा, आणि स्तन शिल्लक असल्यास वर्षातून एकदा मॅमोग्राफी, असा साधारण क्रम असतो. कोणतीही तक्रार नसताना वारंवार पेट स्कॅन (सर्व शरीराचे चित्रण) किंवा रक्तातील मार्करची (कर्करोगाशी संबंधित घटकांची) तपासणी करून आयुष्य वाढत नाही. घरच्यांना ही काटकसर वाटते, पण ते शास्त्राला धरून आहे. नवीन गाठ, न थांबणारे हाडांचे दुखणे, धाप लागणे, सतत डोकेदुखी, कारण नसताना वजन घटणे यांपैकी काही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता जावे.

मुलींना आणि बहिणींना धोका आहे का?

सुमारे ५ ते १० टक्के स्तनाचे कर्करोग आनुवंशिक असतात. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही त्यांतील सर्वपरिचित जनुके असून, ती वडिलांकडूनही येऊ शकतात. रुग्णाचे वय कमी असेल, आजार ट्रिपल निगेटिव्ह असेल, कुटुंबात स्तनाचे किंवा अंडाशयाचे कर्करोग झालेले असतील किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर जनुकीय समुपदेशन घ्यावे. तपासणी आधी रुग्णाची होते. आईला याबद्दल अपराधी वाटते आणि त्या अपराधीपणाला काहीही आधार नाही, हे तिला मुलीने स्वतः सांगितले तर त्याचा फार उपयोग होतो.

सांभाळणारा माणूसच थकला तर?

तो थकतोच. झोप अपुरी, नोकरीची ओढाताण, पैशांची चिंता, आणि आपण तक्रार करायची नाही असा स्वतःवर घातलेला दंडक. म्हणून कामे पहिल्याच आठवड्यात वाटून घ्यावीत. 'काही लागले तर सांगा' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे एखादे ठरावीक काम द्यावे, उदाहरणार्थ बुधवारी मुलांना शाळेतून आणणे. सांभाळणाऱ्याच्याही तपासण्या, औषधे आणि मोकळा वेळ टळता कामा नये.

जिला जवळचे कुटुंबच नाही, तिने काय करावे?

वर उल्लेखलेली सर्व कामे रक्ताच्या नात्यानेच केली पाहिजेत असे नाही. मैत्रीण, शेजारी, सहकारी यांच्याकडे नेमके काम मागावे. शिवाय, यातून गेलेल्या स्त्रीशी बोलण्याला वेगळे मोल आहे. १९५२ मध्ये टेरीस लॅसर या अमेरिकन स्त्रीने स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर इतर रुग्ण स्त्रियांना रुग्णालयात जाऊन भेटण्यास सुरुवात केली आणि त्यातून 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम उभा राहिला. आज कर्करोगाच्या अनेक रुग्णालयांशी असे आधारगट जोडलेले असतात. तेथील समाजसेवा विभागात चौकशी करावी.

आजार शरीरात पसरलेला असेल तर आधाराचे स्वरूप बदलते का?

बदलते. तेव्हा उपचारांचा हेतू आजार आटोक्यात ठेवणे आणि चांगले दिवस वाढवणे हा असतो, आणि आजच्या औषधांनी अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे जगतात. वेदनाशमन व उपशामक सेवा शेवटच्या दिवसांसाठी राखून न ठेवता सुरुवातीपासून घ्यावी. तिला काय करायचे आहे, कोणते उपचार कुठवर हवे आहेत आणि कोणते नकोत, हे ती स्पष्ट बोलू शकते तोवर विचारून घ्यावे. खरी परिस्थिती तिच्यापासून लपवली तर या निर्णयांतून तीच वगळली जाते.

उपचार संपून वर्ष झाले. घरचे तिला अजून काहीच करू देत नाहीत. हे बरोबर आहे का?

नाही, आणि हे थोड्या कठोरपणे सांगावेसे वाटते. आजारपणात हातातून काढून घेतलेली कामे, पैशांचे व्यवहार आणि घरातील निर्णय तिला तिच्या गतीने परत मिळाले पाहिजेत, नाहीतर काळजीच्या नावाखाली ती कायमची रुग्ण होऊन बसते. काखेतील गाठी काढल्यावर त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून त्या हाताने काही उचलायचेच नाही, असा एक जुना समज आहे. अमेरिकेतील कॅथरिन श्मिट्झ यांनी हाताला सूज असलेल्या स्त्रियांना देखरेखीखाली हळूहळू वाढत जाणारे वजन उचलायला लावले, तेव्हा सूज वाढली नाही, उलट ती बळावण्याचे प्रसंग कमी झाले. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवात अगदी हलक्या वजनाने आणि फिजिओथेरपिस्टला विचारून करावी. हात जड वाटू लागला, अंगठी किंवा बांगडी घट्ट झाली, तर थांबून दाखवावे. त्या हाताला कापले किंवा भाजले तर जखम स्वच्छ धुवावी आणि लाली पसरून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.